सतरावं नाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, बाबांना तर नाहीच. ज्यांना थोडंफार ठाऊक आहे त्यांना मी एवढंच सांगत आलेय की माझ्या हातून एकदा चूक झाली. चूक! किती सोयीचा शब्द आहे बघ. दूध उतू गेलं — चूक. गाडी हुकली — चूक. मी जे केलं ते — नाही, एकदम नको. मला जरा लांबून यावं लागेल. कंटाळू नकोस.

डार्मश्टाटला मी दोन हजार तीन साली आले, पीएचडीसाठी. मी नाशिकची, सातपूरच्या कामगार कॉलनीतली. इथे वोनहाइममध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, आमच्या मजल्यावर आठ खोल्या आणि एक स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघराची राणी मी होते, उगाच खोटं कशाला बोलू? संध्याकाळी सगळे जमायचे आणि मी गोष्टी सांगायची. घरच्या, कॉलेजच्या, गणपतीतल्या, मीठमसाला लावून. जर्मन पोरं नूडल्स ढवळता ढवळता ऐकत बसायची आणि मध्येच 'गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', करायची. मला काय हवं होतं दुसरं?

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात ह्येजिन आली. दक्षिण कोरियाची. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, बारीक अंगाची, हसली की डोळे पार मिटायचे. तिच्या आंबवलेल्या कोबीच्या आणि माझ्या लसणाच्या चटणीच्या वासाने मिळून पहिल्याच आठवड्यात तीन जर्मन पोरांना फ्रिज बदलायला लावला, आणि त्यावरून आमची गट्टी जमली. त्यांच्याकडे मुली मोठ्या बहिणीला ऑन्नी म्हणतात. ती मला दुसऱ्याच दिवसापासून ऑन्नी म्हणायला लागली. मला ते फार आवडायचं. मला ती आवडायची — हे लक्षात ठेव. नाहीतर तुला वाटेल, माझ्या मनात पहिल्यापासूनच काळं होतं. तसं असतं तर सोपं झालं असतं.

मग एका रविवारी तिने क्रेनची गोष्ट सांगितली.

तिचे वडील जहाजं बांधण्याच्या कारखान्यात वेल्डर होते. कंत्राटी माणसांना एका रात्रीत काढून टाकलं, युनियनच्या पुढाऱ्यांना आत टाकलं, तेव्हा ते कारखान्याच्या आवारातल्या पस्तीस मीटर उंच क्रेनवर चढून बसले. एक दिवस नाही गं बाई, तेवीस दिवस! त्यांच्याकडे म्हणे ही रीतच आहे. खाली कुणी ऐकेनासं झालं की माणूस वर जाऊन बसतो. तिची आई खालून दोरीने बादली पाठवायची — समुद्राच्या शेवाळात गुंडाळलेला भात, सूप, खोकल्याचं औषध. आणि ही, दुसरीतली पोर, त्याच बादलीत गणिताची वही ठेवायची. वडील वर बसून गणितं तपासायचे, वही खाली यायची. त्या वहीतलं एक पान तिने प्लास्टिकमध्ये घालून जर्मनीत आणलं होतं. नऊपैकी सात बरोबर. कोपऱ्यात ग्रीसचा काळा अंगठा.

ते पान स्वयंपाकघरात हातोहात फिरलं. कुणी चमचासुद्धा वाजवला नाही.

आणि मला काय वाटलं असेल? कौतुक? हो, वाटलं. पण त्याच्या आधी आलं ते वेगळंच. जळफळाट — दुसरा शब्द नाही. माझी राणीपदाची खुर्ची गेली म्हणून? तेही होतं. पण खरं सांगू का, मला ते पान हवं होतं. मला तसा बाप हवा होता.

आता माझ्या बाबांचं सांगते. ते सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. मी चौथीत असताना तिथे संप झाला, चांगला चार महिने चालला. सगळे गेटबाहेर बसले. अकरा जण आत गेले. बाबा त्या अकरांत. कंपनीची बस खिडक्यांना जाळ्या ठोकून यायची, बाबा मागच्या सीटवर मान खाली घालून बसायचे, आणि ज्यांच्या मांडीवर मी खेळले ती माणसं त्या बसवर दगड मारायची. युनियनने गेटवर एक काळा फळा लावला होता. वर मोठ्या अक्षरात 'फितूर', खाली अकरा नावं. नुसती नाही, पूर्ण नावं — स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. बाबांचं चौथं. त्यामुळे माझे आजोबाही त्या फळ्यावर आले, जे बिचारे संपाच्या कितीतरी आधी वारले होते. मी शाळेतून येताना रोज तो फळा वाचायची. आज तरी पुसला असेल, या आशेने.

त्या संक्रांतीला आईच्या हळदीकुंकवाला एकही बाई आली नाही. वाण म्हणून आणलेली चहाची गाळणी वर्षभर कपाटात पडून होती. आमच्या शेजारचे पवारकाका संपात होते, त्यांची नोकरी कायमची गेली. त्यांची मंदा माझी जिवलग मैत्रीण होती. होती.

तर यादीत नाव आलं की एखाद्या घराचं काय होतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मी असं दाखवलं की मला ते सुचलंच नाही.

संप मोडल्यावर कंपनीने त्या अकरा जणांना एकेक स्टीलचा डबा दिला. चारपुडी, दणकट. झाकणावर कोरलेलं — 'निष्ठापूर्वक सेवेबद्दल'. आईने तो एकदाही वापरला नाही. आणि मी जर्मनीला येताना तोच बॅगेत टाकला, कारण तो गळत नव्हता. रोज त्यातून भाजीपोळी न्यायची. क्रेनच्या गोष्टीनंतर दोन-तीन दिवसांनी ह्येजिन भांडी विसळत होती. तिने झाकण उजेडात धरलं आणि विचारलं, हे काय लिहिलंय?

मी काहीही सांगू शकले असते. आमचं आडनाव आहे म्हणू शकले असते. मी म्हटलं — बाबांच्या युनियनने दिलाय, संपात शेवटपर्यंत टिकलेल्यांना.

तिने झाकण हळूच खाली ठेवलं, ओले हात पुसले आणि मला मिठी मारली. म्हणाली, ऑन्नी, मला वाटलंच होतं.

काय वाटलं होतं तिला? माझ्यात काय दिसलं होतं? मी अजून विचार करते.

एक खोटं झाकायला दहा खोटी लागतात म्हणतात. मला दहा नाही लागली, एकच माणूस पुरला — पवारकाका. मी त्यांचं सगळं उचललं. गेटबाहेरचा त्यांचा तंबू, त्यांना पडलेली लाठी, नोकरी गेल्यावर काढलेलं स्कूटर दुरुस्तीचं दुकान, ते न चालणं. सगळं बाबांच्या अंगावर चढवलं. पवारकाकांची नोकरी आमच्यासारख्यांमुळे गेली, आणि जी एक गोष्ट त्यांच्याकडे उरली होती ती मी डार्मश्टाटच्या स्वयंपाकघरात नेऊन वाटली. वर सांगते काय, तर छान रंगायची.

बाबांना मी दर रविवारी फोन करायची. क्रेनचं मी त्यांना सांगितलं होतं — का सांगितलं, कोण जाणे. टोचायला असेल. ते बारीकसारीक विचारत बसले, फिटर ना शेवटी. वर वारा किती असेल, झोपायचे कसे, कमरेला काही बांधायचे का. आणि शेवटी म्हणाले, "त्या माणसाला माझा नमस्कार सांग. आणि त्या पोरीला माझं काय ते खरं सांग हो. आम्ही घाबरलो होतो, दुसरं काही नाही."

मी म्हटलं, हो बाबा.

ह्येजिनचं बोलणं एकदा सुरू झालं की ते क्रेनवरून नकाशावर जायचं. म्हणायची, आमच्याकडे पगार वाढवून मागितला तरी म्हणायचे, ही उत्तरेची फूस आहे. संप केलास म्हणजे तू तिकडचा हेर. मधली रेघ आहे तोवर मालकांना दुसरा पोलीस लागतच नाही. आणि ती रेघ तरी कुणी मारली? आमच्यापैकी कुणी नाही. बाहेरच्यांनी, नकाशावर पट्टी ठेवून. जपान्यांच्या पायाखालून निघालो तर हे. तिच्या आजीचं गाव उत्तरेत राहिलं होतं. आजी एकोणीस वर्षांची असताना लढाईत पळाली. धाकटी बहीण मागे राहिली, ती राहिलीच. ना पत्र, ना फोन.

मी यातही मागे राहायला तयार नाही! मी म्हणायची, आमच्याकडेही इंग्रजांनी रेघ मारली. खरंच आहे. पण ती रेघ सातपूरच्या कॉलनीतून गेली नव्हती. आमच्या घरातलं कुणी त्या पलीकडे नव्हतं. ती मात्र माझा हात धरायची आणि म्हणायची, म्हणूनच तुला कळतं. तिचा तो विश्वास — त्याचाही मला राग यायचा. इतकं साधं असून कसं चालतं माणसाला?

दोन हजार सहाच्या मार्चमध्ये तिला विद्यापीठातच नोकरी लागली. त्यांच्याकडे पहिल्या पगारातून आईवडिलांना आतून घालायचे उबदार कपडे घेतात, लाल रंगाचे. तिने आईचा एक जोड घेतला आणि वडिलांसाठी म्हणून दोन. माझ्यासमोर खाटेवर मांडून म्हणाली, हा माझ्या बाबांचा, हा तुझ्या. दोघंही एकाच कामावर होते ना.

तिचे वडील त्या सप्टेंबरात साठ वर्षांचे होणार होते. आपल्याकडे साठीशांत करतात तसं त्यांच्याकडेही साठाव्याचं मोठं असतं. मोठ्या मुलीने पुढे येऊन गुडघ्यावर वाकायचं, कपाळ जमिनीला टेकवायचं, बापाला दोन्ही हातांनी पेला द्यायचा. वेल्डिंगच्या धुराने त्यांची छाती खराब झाली होती, सत्तरीची खात्री नव्हती. तिने तिकीट एप्रिलातच काढलं. ते तिकीट तिने फ्रिजवर चिकटवलं होतं. मी रोज दूध काढताना ते बघायची.

आता फेराइनचं सांगायला हवं. जर्मनीत चार माणसं एकत्र आली की त्यांची संस्था होते, फेराइन होतं. आमच्या गावातलं एक परदेशी विद्यार्थ्यांशी मैत्रीचं होतं. अध्यक्ष ऊवे, निवृत्त इंजिनियर, देवमाणूस. महिन्यातून एका शनिवारी दुपारी कॉफी, केक आणि एखादा विषय. पण काही झालं तरी प्रोटोकोल हवाच — म्हणजे सभेचा वृत्तान्त, कोण आलं त्याच्या नावांसकट. हजेरीचा कागद फिरायचा, सगळे सही करायचे. प्रोटोकोल लिहायचं काम माझ्याकडे होतं. ऊवे म्हणायचा, इतकं नीटनेटकं तर जर्मनही लिहीत नाहीत. तो ते सगळ्या सभासदांना मेल करायचा, आसपासच्या गावांतल्या संस्थांनाही, आणि स्वतः बनवलेल्या वेबसाइटवर टाकायचा, जिच्यावर एक पृथ्वीचा गोळा गरगर फिरत असायचा.

एक मे हा कामगार दिन, म्हणून त्या दिवशी त्याने मला बाबांच्या संपावर बोलायला लावलं. मी बोलले. पवारकाकांची लाठी सांगताना माझा स्वतःचाच आवाज भरून आला, काय म्हणावं याला! लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्येजिन पहिल्या रांगेत रडत होती.

पुढची सभा मेच्या शेवटी. ऊवेने कुठूनतरी उत्तर कोरियाच्या एका पाहुण्या संशोधकाला कॉफीला बोलावलं होतं — पाण्यावर काम करणारे एक वयस्कर गृहस्थ, सोबतीला एक गप्प माणूस. ह्येजिनला यायचं नव्हतं आणि आल्याशिवाय राहवतही नव्हतं. कागद फिरत आला तेव्हा तिने सही न करताच तो पुढे सरकवला आणि माझ्या कानाशी आली. ऑन्नी, माझं नाव नको. आमच्याकडे कायदा आहे, तिकडच्या माणसाला परवानगीशिवाय भेटणं हा गुन्हा धरतात. बाबांचं नाव आधीच त्यांच्याकडे आहे. मला सप्टेंबरात घरी जायचंय.

मी म्हटलं, वेडी आहेस का, मी असताना?

कसं सांगू तुला ती दुपार! तिने त्या गृहस्थांना दोन्ही हातांनी कॉफी ओतली. थोडी बशीत सांडली. मग तिने आजीच्या गावाचं नाव घेतलं. त्यांनी कप खाली ठेवला. मोडक्या जर्मनमध्ये म्हणाले, गेलोय मी तिथे. नदी आहे ना — थंडीत गोठते, पोरं तिच्यावर घसरत शाळेत जातात. एवढंच. बाकी बोलायची त्यांना मुभा नसावी, तो गप्प माणूस शेजारीच होता. पण ह्येजिनने तोंडावर हात घेतला आणि तिचे खांदे हलायला लागले. आजी पण तसंच जायची, आजी पण तसंच जायची — एवढंच म्हणत होती. ते गृहस्थ खिशात रुमाल शोधत राहिले. ऊवेचा भाऊ बर्लिनच्या भिंतीपलीकडे अठ्ठावीस वर्षं अडकला होता, ऊवे तर उघड रडला. चष्मा काढून, पुसून, परत रडला.

आणि मी काय बघत होते, सांगू? मी ऊवेकडे बघत होते. माझ्या भाषणाला त्याने टाळ्या वाजवल्या होत्या. रडला नव्हता.

इतकी हलकी आहे मी. इतकी.

ह्येजिनने मग माझा हात धरून मला पुढे ओढलं. त्या गृहस्थांना म्हणाली, ही माझी ऑन्नी, हिचे वडीलही संपात लढले. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी मला वाकून नमस्कार केला. ज्या माणसाला मोकळेपणी एक वाक्य बोलायची चोरी होती, तो माझ्या खोट्यापुढे वाकला. माझं डोकं फिरलं. तिचं सगळंच कसं खरं? बाप खरा, नदी खरी, रडणं खरं. आणि माझ्याकडे काय? एक डबा, ज्यावरचं मराठी कुणाला वाचता येत नाही म्हणून मी सुटले.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारची वेळ, इथे रविवारी कपडे धुवायचं मशीनसुद्धा लावत नाहीत इतकं शांत. मी इन्स्टिट्यूटमध्ये बसून प्रोटोकोल लिहायला घेतला. घाई नव्हती. ताप नव्हता. डोळ्यांवर झोप नव्हती. कागदावर सोळा सह्या होत्या. मी सोळा नावं टाइप केली. मग हात थांबला.

सवयीने झालं, असं मी पुढे सांगितलं. ऐक, सवय नव्हती. मी चांगली उठले, खिडकीपाशी गेले, खाली सायकली लावायच्या जागेकडे बघत उभी राहिले. मला तो काळा फळा आठवला. हो, तेव्हाच आठवला, नंतर नाही. आणि माझ्या मनात आलं — बघू दे तिलाही एकदा. यादीत बापाचं नाव असणं काय असतं, घरी बायका यायच्या बंद होतात ते काय असतं, बघू दे. क्रेनवर बसलेल्या माणसाच्या पोरीला जरा खालचंही कळू दे.

परत खुर्चीत बसले. सतरावं नाव लिहिलं. पूर्ण, आडनावासकट, शिवाय तिचं शहर. बाकी कुणाचं शहर मी लिहिलं नव्हतं. पुढे एक वाक्य — हिने पाहुण्यांशी आपल्या आजीच्या गावाबद्दल संवाद साधला. एकदा वाचून पाहिलं, शुद्धलेखन तपासलं आणि ऊवेला पाठवून दिलं.

ऊवेने विश्वासाने पुढे पाठवलं. तो माझं लिहिलेलं कधीच तपासायचा नाही. ह्येजिनने ते मेल उघडून पाहिलं नाही, कारण प्रोटोकोल मी लिहिलेला होता.

मला दोन आठवडे काहीच झालं नाही. खरंच. मी जेवत होते, झोपत होते. जूनमध्ये वर्ल्डकप सुरू झाला, बाल्कन्यांवर झेंडे लागले, फ्रँकफुर्टला कोरियाची मॅच होती. ह्येजिन लाल शर्ट घालून गेली आणि घसा बसवून परत आली. दोन दिवसांनी तिच्या आईचा फोन आला. घरी दोन माणसं येऊन गेली होती. सभ्य होती, बूट काढून आत आली. त्यांच्याकडे एक छापलेला कागद होता, त्यावर फिरत्या पृथ्वीचं चित्र. मुलगी कधी येणार आहे, एवढंच त्यांनी विचारलं.

नात्यातल्या एका वकिलाने सांगितलं, काही होणार नाही बहुतेक. पण आत्ता येऊ नकोस, विमानतळावरच थांबवलं तर कोण सोडवणार? बापाचा जुना संप त्यात जोडतील. आणि तिच्या वडिलांनी स्वतः फोन घेऊन सांगितलं, येऊ नकोस. साठ काय, एकसष्टावा करू.

मी रडले. त्या रडण्याचं काय करायचं, मला आजही कळत नाही — ते खरं होतं की तेही पवारकाकांसारखं उचललेलं? मी म्हटलं, सवयीने लिहिलं गेलं गं, माझं लक्षच नव्हतं. आणि तिने, जिचं तिकीट वाया गेलं, जिच्या घरी परक्या माणसांचे बूट दाराशी आले, तिने माझं डोकं मांडीवर घेतलं. म्हणाली, ऑन्नी, तू नको त्रास करून घेऊ. चूक होते. बरं झालं तूच होतीस, दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मला वाटलं असतं, मुद्दाम केलं.

तिकीट तिने फ्रिजवरून काढलं. चिकटपट्टीचे चार कोपरे तिथेच राहिले.

एकसष्टावा आलाच नाही. फेब्रुवारीत तिचे वडील गेले. बातमी आली तेव्हा सकाळी आठ-साडेआठ असतील, आम्ही आपापल्या कामाला निघत होतो. तिने वकिलाला विचारलं, आता तरी जाऊ का, तो म्हणाला, अजून थांब. तिने स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला सरकवलं, पूर्व कुठे ते विचारलं. फ्रिजच्या बाजूला पूर्व निघाली. तिने वहीतलं ते पान तिथे टेकवून ठेवलं. त्यांच्याकडे गेलेल्या माणसाला दोनदा वाकतात. वाकायच्या आधी ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, घरी असते तर धाकटी बहीण शेजारी असती. ऑन्नी, तू उभी राहशील?

मी राहिले. गुडघे टेकले, कपाळ त्या थंड लिनोलियमला टेकवलं. दोनदा. तेव्हा सांगायचं होतं. वाकलेली असताना तरी. तोंड उघडलं नाही.

त्या वर्षी माझी पीएचडी संपली. एर्लांगेनला मेडिकल यंत्रांच्या एका फर्ममध्ये नोकरी लागली आणि मी गेले. निघताना तिने मला लाल कपड्यांचे दोन्ही जोड दिले. एक तुझ्या बाबांचा, तो ठरलेलाच होता. आणि हा दुसरा — माझे बाबा असते तर त्यांनीही तुझ्या बाबांनाच दिला असता.

डिसेंबरात नाशिकला गेले तेव्हा मी ते बाबांपुढे ठेवले. बाबांनी कापड अंगठ्याने चोळून पाहिलं, बाह्या ओढून पाहिल्या. चष्मा कपाळावर चढवून मला विचारलं, "तिला माझं खरं ते सांगितलंस ना?"

मी म्हटलं, हो.

"तरी दिले?"

मी म्हटलं, हो बाबा. तरी दिले.

ते उठून आत गेले आणि तो लाल सदरा अंगात घालूनच बाहेर आले. आईला म्हणाले, बघ गं. क्रेनवाल्याच्या पोरीने मला माफ केलं. त्याच्याच बाहीने डोळे पुसले, आणि मी ताटं घ्यायला म्हणून आत निघून गेले.

नाशिकच्या थंडीत ते अजून तेच घालतात. कोपरावर विरलेत, आई म्हणते टाका, ते टाकत नाहीत. दुसरा जोड ठेवणीत आहे. पुढे ह्येजिन घरी जाऊन आली. कितव्या वर्षी गेली ते मी विचारलं नाही. नवीन वर्षाला तिचा मेल येतो. सुरुवात ऑन्नीने करते, शेवटी तुझ्या बाबांना माझा नमस्कार असं लिहिते, आणि मी तो पोचवते.

कागदावर सोळा सह्या होत्या. सतरावं नाव मी लिहिलं.